आधी भातशेतातले डोंगर, मग समुद्रातले: मराठवाड्यातून उत्तर व्हिएतनामच्या चुनखडी प्रदेशात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

विहीर खोदायला घेतली की आमच्या भागात आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. हा सगळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झालेला बेसाल्ट आहे आणि याच खडकात वेरूळ, अजिंठा आणि पितळखोऱ्याची लेणी माणसाच्या हाताने कोरली गेली. त्यामुळे डोंगरातली गुहा म्हटली की आपले डोळे आपोआप छिन्नीच्या खुणा, खांब आणि मूर्ती शोधू लागतात. उत्तर व्हिएतनाममधील निन्ह बिन्ह आणि ‘हा लाँग’ उपसागराच्या गुहा मात्र कोणी कोरलेल्या नाहीत. तिथला डोंगर चुनखडीचा आहे आणि तो पाण्यात विरघळत विरघळत आतून पोकळ झाला आहे. तिथे काय पाहायचे हे निघण्यापूर्वी समजून घेतले नाही, तर एवढा खर्च करून रंगीत दिव्यांचे चार फोटो तेवढे हाती लागतात.

हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही हनोईहून एका दिवसाची सहल घेतली. सकाळी सहाला निघालो, जाता-येता पाच तासांहून अधिक वेळ गाडीत गेला, उपसागरात जेमतेम चार तास मिळाले आणि ज्या गुहेसाठी एवढे लांब आलो होतो ती वाटाड्याने पंचवीस मिनिटांत पाहून घ्यायला लावली. दुसऱ्या खेपेला वडिलांना बरोबर घेतले, चार दिवस ठेवले आणि क्रम बदलला. खाली जे लिहिले आहे ते त्या दुसऱ्या प्रवासावरून.

घरी करायची तयारी

पहिली पायरी स्वयंपाकघरातली आहे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड असते. ते रोज उकळणाऱ्या पातेल्याच्या बुडाशी आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, आणि तो चमच्याने खरवडला की खपलीसारखा सुटतो. चुनखडीच्या गुहेत छतापासून लोंबणारे खांब तयार होतात, त्यामागचे रसायन हेच आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लयुक्त होते, चुनखडीच्या भेगांतून झिरपताना ती विरघळवते आणि गुहेच्या मोकळ्या हवेत येताच तो वायू सोडून देते. वायू गेला की पाण्याला चुना धरून ठेवता येत नाही आणि तो थेंबाथेंबाने मागे राहतो. पातेल्यात हे काम विस्तव करतो, गुहेत ते हवा करते, आणि बोटभर लांबी वाढायला तिथे शेकडो वर्षे लागू शकतात. शाळेच्या भूगोलात आपण अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ असे शब्द पाठ केले होते. छतावरून खाली येणारा तो अधोमुखी आणि जमिनीवर पडलेल्या थेंबांतून वर चढणारा तो ऊर्ध्वमुखी.

मुलांना बरोबर नेणार असाल तर आणखी एक प्रयोग करून दाखवावा. काळ्या रानात नांगरट झाल्यावर चुनखडीचे पांढरट खडे वर येतात. त्यातला एक खडा फोडून त्यावर लिंबू पिळावे आणि कान जवळ न्यावा. बारीक बुडबुडे उठतात आणि हलकी फसफस ऐकू येते. बांधावरच्या काळ्या दगडावर तेच लिंबू पिळले तर काहीच होत नाही. माझ्या पुतणीने हा प्रयोग घरी केला होता, त्यामुळे गुहेत शिरल्यावर तिला काही समजावून सांगावे लागले नाही. हा प्रयोग घरीच करावा. तिथल्या गुहेत कशालाही हातसुद्धा लावू नये, कारण हाताचे तेल बसलेल्या जागी चुन्याचा नवा थर नीट धरत नाही आणि तो भाग काळवंडतो.

केव्हा जावे आणि कागदपत्रे

आपल्या दृष्टीने सोयीची गोष्ट अशी, की सोयाबीनची काढणी उरकल्यानंतरचा दिवाळीच्या सुट्टीचा काळ, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, हाच तिथला सर्वांत चांगला हंगाम आहे. हवा कोरडी असते आणि उपसागर बहुधा स्वच्छ दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत थंडी आणि धुके असते, तेव्हा स्वेटर हवाच. मार्च-एप्रिलमध्ये हवा सुखद असली तरी रिमझिम आणि धुके असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाण्याचा मोह होतो, पण मेनंतर तिथे दमट उकाडा आणि मोठा पाऊस असतो. आपल्याकडच्या कोरड्या बेचाळीस अंशांपेक्षा तिथले दमट पस्तीस अंश शरीराला जड जातात. जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा काळ आहे आणि त्या महिन्यांत लहान मुलांना व वृद्धांना घेऊन उपसागरात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत त्यांचे नववर्ष, म्हणजे तेत, येते. त्या आठवड्यात बरीच दुकाने व खानावळी बंद असतात.

भारतीयांना व्हिएतनामसाठी ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशासाठी २५ आणि अनेकदा प्रवेशासाठी ५० अमेरिकी डॉलर शुल्क आहे आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. अर्ज तेथील सरकारी संकेतस्थळावरच करावा. तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर दुप्पट-तिप्पट पैसे जातात. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात, आणि ती पासपोर्टवर ज्या क्रमाने छापली आहेत त्याच क्रमाने, एका अक्षराचाही फरक न करता भरावीत. नावातल्या चुकीमुळे विमानतळावरून परत फिरावे लागू शकते आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि अर्ज निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करावा.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे आणि प्रवास साधारण पाच तासांचा आहे. नांदेड, परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून रेल्वेने मुंबई गाठणाऱ्यांनी रेल्वे आणि विमान यांच्यामध्ये किमान आठ तासांचे अंतर ठेवावे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे.

पैशांबाबत एकच गोष्ट नीट लक्षात ठेवावी. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात, त्यामुळे सगळेच आकडे हजारांत-लाखांत असतात, आणि वीस हजारांची व पाच लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत. एक साधारण सत्तर रुपयांची आणि दुसरी जवळपास सतराशेची. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. दोन लाखांच्या लालसर नोटेवर समुद्रातून वर आलेला एक छोटासा सुळका छापलेला आहे. तो हा लाँग उपसागरातला दिन्ह हुआँग, म्हणजे धूपपात्रासारखा दिसणारा खडक, आणि बोटीतून तो ओळखण्यासाठी एक नोट हाताशी ठेवावी.

शाकाहारी मंडळींनी ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करावेत. त्यांचा अर्थ शाकाहार असा होतो आणि दुकानावर ‘चाय’ ही पाटी दिसली तर ती चहाची नसून शाकाहारी खानावळीची असते. बौद्ध परंपरेतल्या या जेवणात अनेकदा कांदा-लसूणही नसतो, म्हणून माळकरी मंडळींचीही सोय होते. इतरत्र मात्र नुसत्या भाजीतही माशाचा अर्क घालतात, तेव्हा विचारूनच खावे. शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि कडक भाकरी बरोबर असल्या की प्रवासाच्या दिवसांची काळजी राहत नाही.

क्रम का महत्त्वाचा

बहुतेक जण आधी हा लाँगला जातात. मी आग्रहाने सांगेन, की आधी निन्ह बिन्ह पाहावे. हनोईच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या या भागात चुनखडीचे उभे सुळके भातशेतांतून आणि संथ नद्यांतून वर आलेले आहेत. हा लाँगचे डोंगर जातीने असेच आहेत. फरक इतकाच, की शेवटचे हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी वाढत गेली आणि काही हजार वर्षांपूर्वी त्यांच्यामधल्या दऱ्या पाण्याखाली गेल्या. आपण ज्यांना बेटे म्हणतो ते बुडालेल्या डोंगरांचे माथे आहेत. निन्ह बिन्हमध्ये डोंगराचा पायथा, दोन डोंगरांमधली सपाट जमीन आणि एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघणारी नदी हे सगळे उघड्यावर दिसते. ते डोळ्यांत साठवून उपसागरात गेलात, तर बोटीखालचा तळ कसा असेल याचा अंदाज आपोआप येतो.

निन्ह बिन्हहून हा लाँगला थेट व्हॅन जातात. परत हनोईला यावे लागत नाही आणि अर्धा दिवस वाचतो. माझ्या मते पहिला दिवस हनोईत विश्रांतीचा, दुसरा पूर्ण दिवस आणि रात्र निन्ह बिन्हची, तिसऱ्या दिवशी दुपारी बोटीवर मुक्काम आणि चौथ्या दिवशी परत, हा सुटसुटीत बेत आहे. त्यात चौथे-पाचवे ठिकाण कोंबू नये. मध्य व्हिएतनाममधील फाँग न्या-के बांग राष्ट्रीय उद्यानात जगातली सर्वांत मोठी मानली जाणारी सोन डाँग गुहा आहे, पण ती दाट जंगलातल्या अनेक दिवसांच्या मोहिमेची गोष्ट आहे आणि पहिल्या प्रवासात ती घालू नये.

निन्ह बिन्ह: होडीतून गुहा

इथे होडीच्या दोन सहली आहेत आणि त्यातली एकच निवडावी. ताम कोक म्हणजे ‘तीन गुहा’. न्गो डाँग नदी तीन डोंगरांच्या खालून जाते आणि त्यातली सर्वांत लांब गुहा १२७ मीटरची आहे. होडी वल्हवणारी माणसे पाठ टेकवून पायांनी वल्ही मारतात, आणि मे अखेरीस दोन्ही काठांचे भात पिकून पिवळे होते. दुसरी सहल ट्रांग आनची. त्या परिसराला २०१४ मध्ये निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तिथल्या गुहांत तीस हजार वर्षांहून जुन्या मानवी वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. एका होडीत साधारण चौघे बसतात आणि सहल अडीच ते तीन तासांची असते. तिकीट घेताना मार्ग विचारतात. पहिल्या मार्गात नऊ गुहा आणि काही मंदिरे येतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच घ्यावा.

होडीत बसण्यापूर्वी लघुशंका उरकून घ्यावी, टोपी व पाण्याची बाटली घ्यावी आणि लाईफ जॅकेट शेवटपर्यंत काढू नये. गुहेत शिरताना छत फार खाली येते. वल्हवणारी बाई हाताने खूण करते, तेव्हा लगेच पुढे वाकावे, पाठीमागे रेलू नये. ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे, कारण होडीत पाय पसरायला जागा कमी असते.

आता काय पाहावे ते. आमची होडी एका गुहेत अर्ध्यावर आली तेव्हा वडील हात आखडून छताकडे बघत बसले होते. आयुष्यभर त्यांनी विहिरींच्या कामावर गड्यांबरोबर उभे राहून काळा पाषाण फोडताना पाहिला आहे. ते हळूच म्हणाले, “ह्याला सुरुंग लावलेला नाही बाळा, कुठेच धार नाही.” मग मीही नीट पाहिले. छत कुठेही तुटलेले दिसत नव्हते. त्यावर हातात मावतील अशा वाटोळ्या, गुळगुळीत खळग्या होत्या, आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या थोडे वर एक आडवी खाच लांबवर गेलेली होती. पाणी बराच काळ एका पातळीवर टेकून राहिले, की ते दगड आडवा कापत जाते आणि अशी खाच पडते. वेरूळला कैलास लेणे वरून खाली कोरत आणले. इथे पाणी आडवे आत शिरले आणि मग खाली उतरले. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवून बसलात, तर पुढच्या गुहा एकसारख्या वाटणार नाहीत.

दुपारनंतर ऊन उतरले की हांग मुआच्या डोंगरावर चढावे. जवळपास पाचशे पायऱ्या आहेत आणि वरून ताम कोकची नदी व सुळक्यांच्या रांगा एका नजरेत येतात. पायऱ्या उंच-सखल आहेत, पाऊस झाला असेल तर निसरड्या होतात, तेव्हा चप्पल घालून जाऊ नये. ज्यांना चढवत नाही त्यांना होआ लूला न्यावे. इसवी सन ९६८ ते १०१० या काळात ही व्हिएतनामची राजधानी होती आणि डोंगरांच्या मधल्या फटी तटबंदीने बुजवून या सुळक्यांनाच कोट केले होते. देवगिरीचा कडा तासून किल्ला अभेद्य केलेला आपण पाहिला आहे, त्यामुळे डोंगरालाच तट करण्याची ही युक्ती आपल्याला लगेच कळते.

बोट कशी निवडावी

हा लाँग उपसागराला १९९४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, २००० मध्ये भूशास्त्रीय महत्त्वासाठी तो पुन्हा मान्य झाला आणि २०२३ मध्ये शेजारचा काट बा द्वीपसमूह त्यात जोडला गेला. नावाचा अर्थ ‘उतरणारा ड्रॅगन’ असा आहे. दीड हजारांहून अधिक बेटांचा हा पसारा आहे आणि बोटींचे मार्ग साधारण तीन भागांत विभागलेले आहेत. मुख्य हा लाँग भागात प्रसिद्ध गुहा आहेत आणि गर्दीही आहे, दक्षिणेकडच्या ‘लान हा’ भागात वर्दळ कमी आणि पोहणे व कयाक जास्त, आणि ईशान्येकडचा बाई तू लाँग भाग शांत आहे. गुहा पाहायच्या असतील तर मुख्य भागच घ्यावा, गर्दी सहन करावी. आरक्षणाच्या वेळी बोटीच्या फोटोंपेक्षा मार्ग विचारावा आणि त्यात सुंग सोत गुहा आहे की नाही हे लेखी घ्यावे.

एका रात्रीचा मुक्काम हवाच. अशा बोटी दुपारी बाराच्या सुमारास निघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला परत येतात, म्हणजे संध्याकाळ आणि पहाट दोन्ही पाण्यावर मिळतात. शाकाहारी जेवण आरक्षण करतानाच कळवावे आणि बोटीवर चढल्यावर पुन्हा सांगावे.

सुरक्षेबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा पाण्याशी संबंध नाथसागराच्या काठापुरता असतो. जुलै २०२५ मध्ये हा लाँगमध्ये अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटून तीसहून अधिक माणसे गेली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये यागी चक्रीवादळाने या किनाऱ्याची मोठी हानी केली होती. म्हणून खोलीत सामान ठेवताच आधी लाईफ जॅकेट कुठे आहेत ते पाहावे, एकदा घालून पट्टे बांधून पाहावेत आणि खोलीतून डेकवर जाण्याची वाट मुलांना चालून दाखवावी. आकाश काळवंडले आणि वारा फिरला तर खिडक्या लावून आत बसू नये, जॅकेट घालून मोकळ्या जागी यावे. हवामान खराब असेल तेव्हा बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत. अशा वेळी एजंटाशी वाद घालून दुसरी बोट शोधू नये. पैसे परत घ्यावेत आणि त्यासाठीच बेतात एक मोकळा दिवस ठेवावा. प्रवास विमा काढल्याशिवाय घरातून निघू नये.

उपसागरात

सुंग सोत गुहा बो होन बेटावर आहे. फ्रेंचांनी १९०१ मध्ये तिची नोंद केली आणि तिला ‘आश्चर्यांची गुहा’ असे नाव दिले. धक्क्यापासून बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आतली वाट साधारण अर्ध्या किलोमीटरची आणि एकाच दिशेने जाणारी आहे, त्यामुळे मागे वळून पाहता येते पण मागे फिरता येत नाही. वाटाडा खडकांत हत्ती, सिंह, कासव दाखवत पुढे नेतो. ते ऐकावे, मग जिथे रंगीत दिव्यांचा झोत नाही अशा जागी दोन मिनिटे थांबावे. पहिल्या दालनाचे छत वाटोळ्या खळग्यांनी भरलेले आहे, ट्रांग आनच्या होडीतून पाहिले तसेच, फक्त कितीतरी मोठे. यावरून हे दालन कधीकाळी पाण्याने भरलेले होते, हे लक्षात येते. एखादा लवणस्तंभ ओला आणि चमकता दिसला तर तो अजून वाढतो आहे, कोरडा आणि निस्तेज असेल तर त्याचे पाणी तुटले आहे. ओल्या स्तंभाच्या टोकाला लोंबणारा थेंब खाली पडेपर्यंत पाहत राहावे.

त्याच बेटावर लुऑन ही पाण्यातली कमान आहे. कयाकने किंवा बांबूच्या होडीने तिच्याखालून गेले की चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेल्या, विहिरीसारख्या गोल खाडीत आपण पोहोचतो. चुनखडीच्या डोंगरात खळगा पडून तयार झालेल्या दरीत समुद्र शिरला, की असे होते. पोहता येत नसेल तर कयाक घेऊ नये, बांबूची होडी घ्यावी. तिटॉप बेटावर चारशेहून अधिक पायऱ्या चढून सगळा उपसागर दिसतो. सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव १९६२ मध्ये हो ची मिन्ह यांच्यासोबत इथे आले होते, त्यांच्यावरून हे नाव पडले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या घंटेआधी उठून डेकवर यावे. या उपसागरात भरती-ओहोटी दिवसातून साधारण एकदाच येते आणि पाण्याची पातळी तीन-चार मीटरपर्यंत वरखाली होते. आदल्या संध्याकाळी समोरच्या बेटाच्या पायथ्याचा एक फोटो काढून ठेवावा आणि सकाळी त्याच बेटाशी ताडून पाहावा. आमच्या वेळी सकाळी पाणी उतरलेले होते. बेटाच्या पायथ्याशी, सगळीकडून सारख्याच उंचीवर, एक खोल खाच उघडी पडली होती, आत कालवांचे पांढरे कवच चिकटलेले होते आणि वरचा डोंगर त्या खाचेवर छत्रीसारखा पुढे आला होता. वडिलांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला, हाताने तिची उंची मापल्यासारखी केली आणि परवा होडीत पाहिली तीच ना, असे विचारले.